वकीलसाहेबांच्या पाटीवर काय नसतं

आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस कोर्टासमोरच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर होतं. लोखंडी जिना, वर एक खोली, खोलीत पक्षकारांसाठी बाक आणि बाकासमोर भिंत. त्या भिंतीवर साहेबांचं सगळं सार्वजनिक आयुष्य टांगलेलं. गणेश मंडळाचं मानचिन्ह, रक्तदान शिबिराचं प्रशस्तिपत्र, फेटा बांधून कुणा मंत्र्यांच्या हातून शाल घेतानाचा फोटो, दोन पतसंस्थांची कॅलेंडरं, आणि एका कोपऱ्यात काचेची ढाल. ढालीवर सोनेरी अक्षरांत 'समाजभूषण', खालचा तडा चिकटपट्टीने जोडलेला. वडिलांच्या बांधाच्या दाव्यापायी दोन वर्षं आम्ही त्या बाकावर बसलो. भिंत पाठ झाली.

साहेबांनी सनद कोणत्या साली घेतली, जमिनीचे दावे जास्त चालवतात की फौजदारी, आमच्यासारखे बांधाचे दावे आधी कधी शेवटापर्यंत नेलेत का, हे मात्र त्या भिंतीवरून कळायची सोय नव्हती. विचारायचं धाडसही आमच्यात नव्हतं. डॉक्टरला "तुम्ही कुठून शिकलात" असं आपण विचारत नाही, तसंच हे. आम्ही त्यांच्याकडे गेलो कारण चुलत्याच्या साडूचं काम त्यांनी केलं होतं आणि "माणूस आपला आहे" असं कुणीतरी सांगितलं होतं.

तालुक्याच्या गावात वकील निवडायची रीत बहुतेक ठिकाणी हीच आहे. ती बदलायला हवी, आणि तसं होण्यात मोठा अडसर वकिली व्यवसायाच्या स्वतःच्याच नियमांचा आहे, असं माझं मत आहे. पक्षकाराला उपयोगी पडेल ती माहिती आपण झाकून ठेवली आहे आणि जिचा त्याला काडीचा उपयोग नाही ती चौकाचौकांत फ्लेक्सवर लावली आहे.

आधी नियम काय म्हणतो ते पाहू. वकिलीचा कायदा १९६१ चा, आणि त्याखाली बार काउन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेने वकिलांच्या वर्तनाचे नियम केले आहेत. त्यातला छत्तिसावा नियम जाहिरातबंदीचा. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी, आणि त्या पाटीवर काय नको याची यादी नियमातच आहे. आपण बार काउन्सिलचे किंवा कुठल्याही संघटनेचे अध्यक्ष वा सदस्य आहोत किंवा होतो, हे लिहायचं नाही. कुठल्या व्यक्तीशी, संस्थेशी, चळवळीशी आपला संबंध आहे, हे लिहायचं नाही. अमुक प्रकारच्या कामात आपण तज्ज्ञ आहोत, हेही नाही. आता कोणत्याही तालुक्याच्या कोर्टासमोर पाच मिनिटं उभे राहा आणि 'माजी अध्यक्ष, बार असोसिएशन' लिहिलेल्या पाट्या मोजा. बोटं पुरणार नाहीत.

नियम उगाच आलेला नाही. सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं एक प्रकरण खुद्द मुंबईचं होतं. मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दारात काही वकील उभे राहत, येणाऱ्या माणसाच्या हातातले कागद ओढत, त्यावरून आपसांत धक्काबुक्की करत. वकिली हा व्यापार नाही आणि पक्षकाराचे कागद हा माल नाही, अशा अर्थाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांचे शब्द त्या निकालातले आहेत आणि आजही ते घोळवले जातात. एसटी स्टँडवर वडापवाले प्रवाशाच्या पिशवीला हात घालतात तसं कोर्टाच्या पायरीवर होऊ नये, हे कोणालाही पटेल. मलाही पटतं. २००८ साली नियम थोडा सैल झाला. वकिलाला आपल्या वेबसाइटवर नाव, पत्ता, सनदेचा क्रमांक आणि तारीख, शिक्षण आणि कोणत्या विभागात काम करतो एवढं लिहायची मुभा मिळाली. पण झेरॉक्सच्या माडीवर बसणाऱ्या वकिलाची वेबसाइट असते कुठे? आणि २०२४ च्या जुलैत मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची कामं मिळवून देणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांवर कारवाईचा आदेश दिल्यानंतर तर इंटरनेटवर नाव दिसण्याचीच धास्ती बसली आहे.

म्हणजे 'मी पंधरा वर्षं कूळकायद्याची कामं करतो' हे पाटीवर लिहिलं तर नियमभंग. 'लाडक्या वकीलसाहेबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' असा वीस फुटी फ्लेक्स मित्रमंडळाने चौकात लावला तर मात्र ती जाहिरात नव्हे, लोकांचं प्रेम. साताऱ्याच्या एका संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली बेकायदा फलकांबद्दल सविस्तर निकाल दिला. तो निकाल वाचणं हे ज्यांचं काम, त्यांचेच फोटो त्या फलकांवर असतात, ही गंमत आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या दाव्याची गोष्ट पुरी सांगतो. शेजाऱ्याने जेसीबी लावून बांध कोरला, आम्ही दिवाणी दावा लावला आणि त्यासोबत मनाईचा अर्ज. त्याला कोर्टात सगळे 'निशाणी पाच' म्हणतात. दावा किती का वर्षं चालेना, लोकांचा जीव या निशाणी पाचवर असतो, कारण तोवर जेसीबी थांबतो. आमचा अर्ज आठ महिने नुसता तारखांवर होता. कधी समोरची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, आली नाही, कधी न्यायाधीश रजेवर, कधी आमचे साहेबच जिल्ह्याला. यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटलं नाही. कोर्ट म्हटलं की तारीख आलीच.

मग एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल घरी आला. चुलते सभासद आहेत, दर वर्षी येतो, दर वर्षी पोळ्यांच्या डब्याखाली जातो. त्या वर्षी मी उघडला. आतल्या पानावर चेअरमनचा फोटो होता, आणि चेअरमन म्हणजे आमच्या शेजाऱ्याचा सख्खा मेहुणा. दोन ओळी खाली आमचे वकीलसाहेब, 'कायदेशीर सल्लागार'. संस्थेची सहकार कायद्याच्या कलम १०१ ची, म्हणजे थकीत कर्जाची, सगळी वसुली प्रकरणं त्यांच्याकडेच.

साहेबांनी आमचा दावा मुद्दाम रखडवला असं मी म्हणत नाही. पुरावा नाही, आणि मला तसं वाटतही नाही. वर्षाला शे-दीडशे कामं देणाऱ्या संस्थेच्या चेअरमनला दुखवायची इच्छा कोणालाच नसते. त्यासाठी कट लागत नाही, थोडी टंगळमंगळ पुरते. माझी तक्रार वेगळी आहे. हे आम्हाला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. आणि ही माझी कविकल्पना नाही. त्याच नियमांतला चौदावा नियम सांगतो की काम हाती घेतानाच वकिलाने दोन्ही बाजूंशी असलेले आपले संबंध आणि वादातला आपला हितसंबंध पक्षकाराला मोकळेपणाने सांगावा. आठवा नियम तर म्हणतो की ज्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर वकील आहे तिच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याने कोर्टात उभंच राहू नये. नियम करणाऱ्यांना गावगाडा नीट माहीत होता. वकील चार संस्थांवर जाणार, मान घेणार, आणि एक दिवस त्या मानाचा आणि पक्षकाराच्या कामाचा खटका उडणार, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. नियम कागदावर आहे. पक्षकाराला तो ठाऊक नाही, आणि त्याला सांगणं कुणाचं काम आहे हे ठरलेलं नाही.

१४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वकिलांना ग्राहक संरक्षण कायदा लागू होत नाही. निकालातलं एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. वकिलाच्या कामावर अशिलाचं बरंच नियंत्रण असतं, वकील त्याच्या सांगण्याबाहेर जाऊ शकत नाही, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार आहे, असं न्यायालय म्हणालं. ठीक. पण नियंत्रण अशिलाचं असेल तर त्यासाठी लागणारी माहितीही अशिलाकडे नको का? सातवी शिकलेला, हातात सातबारा घेऊन बाकावर बसलेला माणूस काळ्या कोटावर कसलं नियंत्रण ठेवणार? ग्राहक आयोगाचं दार बंद झाल्यावर उरतं ते वकिली कायद्याचं कलम ३५, म्हणजे बार काउन्सिलकडे तक्रार. वकिलाची चौकशी वकीलच करणार, आणि काउन्सिलचं ऑफिस मुंबईला. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांचं काउन्सिल एकच आहे, तेव्हा गडचिरोलीचा पक्षकार कुठून कुठे जाईल याचा हिशेब करा.

इथे कुणी म्हणेल की वकिलांनी समाजात मिसळूच नये असं तुमचं म्हणणं दिसतं. उलट आहे. महाराष्ट्राचं सार्वजनिक आयुष्य उभं करण्यात वकिलांचा हात जेवढा आहे तेवढा फार थोड्यांचा असेल. पण ते कशाच्या जोरावर उभं राहिलं ते पाहायला हवं.

पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा निघाली. तिचे चालक गणेश वासुदेव जोशी वकील होते, लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. सभेच्या सभासदत्वाची अट मला फार आवडते. सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणायचं. वकिलाने कोर्टातला कागद उचलून राजकारणात आणला. तू लोकांच्या वतीने बोलतोस ना, मग लोकांची सही दाखव. पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले तेही हेच काका. सरकारचा रोष ओढवून घेणारं ते वकीलपत्र होतं. त्यांचं समाजकार्य आणि त्यांची वकिली यांत फट दिसत नाही.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. सनद ही कागदाची गोष्ट, पण कोर्टात उभं राहून "माझे अशील" असं म्हणण्याचा हक्क तिच्यामुळे मिळतो, हे महाराजांनी जाणलं होतं. त्याच कोल्हापुरात पुढे गोविंद पानसरे झाले. नगर जिल्ह्यातल्या कोल्हार गावचा गरीब घरातला मुलगा. शिकत असताना वर्तमानपत्रं विकली, नगरपालिकेत शिपाई झाला, मग शाळेत शिक्षक, आणि १९६४ पासून वकील, तोही कामगारांचा. टोलविरोधी आंदोलनात रस्त्यावर होते, व्याख्यानं देत होते, पक्षाचं काम करत होते, पण कामगार कायदा हा त्यांच्या सगळ्या धडपडीचा कणा राहिला. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्यांची मतं पटोत न पटोत, या माणसाची व्यावसायिक पार्श्वभूमी आणि समाजातला वावर वेगवेगळ्या फायलींत ठेवता येत नाही.

आणि अगदी अलीकडचं, मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चाळीसहून जास्त वर्षं ही मागणी लावून धरली आणि १८ ऑगस्ट २०२५ ला ते सुरू झालं. सावंतवाडीच्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागणं काय असतं, ते ज्याने रात्रीची गाडी पकडून सकाळी फोर्टमध्ये तोंड धुतलंय त्यालाच विचारावं. ही वकिलांची समाजसेवाच, मी मनापासून मानतो. तरी एक गोष्ट खटकते आणि ती बोलायला हवी. या लढ्यात कितीतरी वेळा दिवसच्या दिवस कोर्टाचं काम बंद राहिलं. वकिलांना संपाचा अधिकार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलं आहे. जामिनाच्या तारखेला वकील न आल्याने जो आत राहिला त्याच्याकडून या लढ्यासाठी कुणी मुखत्यारपत्र घेतलं नव्हतं. सार्वजनिक काकांनी ते मागितलं असतं.

सामाजिक सहभागाचा याहून अवघड प्रकार दुसराच आहे. एखाद्या गावात अंगावर काटा आणणारा गुन्हा घडतो. मोर्चा निघतो, बाजारपेठ बंद होते, आणि संध्याकाळी बार असोसिएशनचा ठराव येतो की आरोपीचं वकीलपत्र कोणीही घेणार नाही. टाळ्या पडतात. गावाच्या दुःखात वकील सामील झाले म्हणून कौतुक होतं. राग खरा असतो, त्यात खोट नाही. पण २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले आहेत, आणि राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क अटक झालेल्या प्रत्येकाला आहे. व्यवहार पाहिला तरी वकिलाशिवाय खटला चालत नाही, चालला तर अपिलात टिकत नाही, म्हणजे ज्या कुटुंबासाठी ठराव केला त्यांचाच न्याय लांबतो. शेवटी फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या यादीतल्या एखाद्या ज्युनियरच्या गळ्यात ते काम पडतं. तो रोज कोर्टात जातो, बाररूममध्ये त्याच्याशेजारची खुर्ची रिकामी राहते, घरी आई विचारते की तुलाच कशाला घ्यायचं होतं. त्याचा फ्लेक्स लागत नाही. माझ्या लेखी त्या महिन्यात त्या गावातलं सगळ्यात मोठं सामाजिक काम त्यानेच केलेलं असतं.

कायद्याची मदत फुकट मिळते, हे आपल्याकडे अजून लोकांना खरं वाटत नाही. घटनेत १९७६ साली ३९-अ अनुच्छेद आला, १९८७ ला विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. स्त्री असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोठडीतल्या माणसाला, अपंगाला, औद्योगिक कामगाराला तीच सोय. तालुक्याला समिती असते, तिचे प्रमुख तिथले वरिष्ठ न्यायाधीश. फोन १५१००. आणि वकिलांच्या बाजूने पाहिलं तर शेहेचाळिसावा नियम स्वच्छ आहे. ज्याला फी परवडत नाही त्यालाही वकील मिळायला हवा, आणि आपल्याला झेपेल तेवढी फुकट मदत गरिबाला करणं हे वकिलाचं समाजाप्रती असलेल्या सर्वांत मोठ्या कर्तव्यांपैकी एक.

झेडपीच्या शाळेत झालेल्या एका कायदेविषयक शिबिराला मी होतो. मांडव, सरस्वतीचा फोटो, नारळ. तीन वकिलांची भाषणं, त्यांतलं एक फारच लांबलं. शेवटी मागे बसलेली एक बाई उठली. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली, दीर वारसनोंद होऊ देत नाहीत, काय करू, असं तिने विचारलं. व्यासपीठावरून उत्तर आलं, "सोमवारी कोर्टात भेटा." मग ग्रुप फोटो झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, फोटोसह. बाई सोमवारी गेली का, कुणाला भेटली, नोंद झाली का, याची बातमी कुठे यायची नव्हती. शिबिर मोजलं जातं, बाई मोजली जात नाही.

तर माझं म्हणणं असं. प्रत्येक वकिलाचं एक पान असावं. बार काउन्सिलने ठेवावं आणि त्याची छापील प्रत तालुक्याच्या कोर्टात नोटीस बोर्डाशेजारी फाइलला लावावी, मराठीत. त्यावर सनदेचा क्रमांक आणि साल, कोणत्या विभागात काम करतो, गावातल्या कोणकोणत्या बँका, पतसंस्था, शिक्षणसंस्था, देवस्थानं, कारखाने यांच्यावर पद किंवा सल्लागारकी आहे, आणि मागच्या वर्षी विधी सेवा समितीची किती कामं घेतली आणि किती पुरी केली. एवढंच. पुरस्कार नकोत, फोटोही नको. किती दावे जिंकले हेसुद्धा नको. बांधाच्या दाव्यात अर्धा गुंठा सोडून तडजोड करून देणारा वकील हरला की जिंकला? जिंकण्याचे आकडे लावले तर अवघड काम कोणी हातात धरणार नाही, आणि पहिला मार गरिबालाच बसेल.

हे सांगितल्यावर बाररूममधल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला चहा पाजून तीन गोष्टी ऐकवल्या. पहिली, गोपनीयतेची. वकील आणि अशील यांच्यात झालेलं बोलणं कायद्याने सुरक्षित आहे, आधी पुरावा कायद्याच्या १२६ व्या कलमाने आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ व्या कलमाने. मान्य. पण पतसंस्थेचं सल्लागारपद हे काही अशिलाने कानात सांगितलेलं गुपित नव्हे. त्यांनीच ते अहवालात छापलंय. दुसरी, अशा पानाने स्पर्धा लागेल. स्पर्धा आत्ताही आहे, फक्त ती फेट्यांची आणि फ्लेक्सची आहे.

तिसरी हरकत मात्र वजनदार होती. "अहो, एवढ्याशा गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. कोण कुणाचा, कुठल्या संस्थेत, कसलं काम करतो. पान कशाला हवं?" मी त्यावर बरेच दिवस विचार केला. त्यांचं खरं आहे, पण 'सगळ्यांना' या शब्दाचं काय करायचं? कट्ट्यावर बसणाऱ्यांना माहीत असतं. ज्यांची भावकी मोठी, ज्यांच्या घरात एखादा सोसायटीचा संचालक, त्यांना माहीत असतं. वाडीवरच्या म्हातारीला नसतं. लग्न होऊन या गावात आलेल्या आणि आता पोटगीचा अर्ज करू पाहणाऱ्या मुलीला नसतं. पुण्याला कंपनीत असलेल्या आणि वडील गेल्यावर फेरफार पाहायला दोन दिवस आलेल्या मुलाला नसतं. पालावर राहणाऱ्या माणसाला तर विचारायलाच कुणी नाही. 'आपला माणूस' शोधायची रीत ज्यांची माणसं ठिकठिकाणी बसलेली आहेत त्यांच्याच सोयीची आहे. आणि आम्ही तर त्याच रीतीने गेलो होतो, आमचा माणूस सापडलाही होता. तो शेजाऱ्याचाही माणूस निघाला.

अर्धवट का होईना, एक खिडकी आज उघडी आहे हे सांगायला हवं. ई-कोर्ट्सच्या साइटवर आणि अ‍ॅपवर प्रकरण शोधायच्या पर्यायांत पक्षकाराचं नाव, केस नंबर यांच्याबरोबर वकिलाचं नावही आहे. नाव टाका, त्या कोर्टातली त्यांची प्रकरणं दिसतात, प्रत्येकातल्या तारखाही. मी आमच्या साहेबांचं नाव तीन स्पेलिंगांनी टाकून पाहिलं, तीन वेगळ्या याद्या आल्या. तारखा पाहून लगेच वकिलाला दोष देऊ नये. एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते, पण कोर्टात न्यायाधीशाची जागाच रिकामी असेल तर संहिता काय करणार. तरी एक अंदाज येतो. वसुलीची प्रकरणं ढिगाने आणि बांधाचा दावा फक्त आमचा, हे मला त्या यादीने सांगितलं. ते दोन वर्षं आधी पाहिलं असतं तर, असं वाटून गेलं. पण हे साधन वकिलांच्या सोयीसाठी बनलंय. बाकावरच्या माणसाला तो शोध जमत नाही, आणि पतसंस्थेच्या अहवालातलं नाव तिथे कधीच दिसणार नाही.

आम्ही वकील बदलला. नव्या वकीलपत्रावर जुन्या साहेबांची 'नो ऑब्जेक्शन'ची सही घ्यायला मीच गेलो होतो. त्यांनी काही न बोलता सही केली, फाइल दिली, चहाही सांगितला. मी भिंतीकडे पाहायचं टाळलं.

नव्या वकीलबाई गल्लीच्या टोकाला बसतात. खोलीत कपाट, टेबल आणि महालक्ष्मीचं कॅलेंडर, भिंतीवर दुसरं काही नाही. वडिलांनी बसल्या बसल्या बांधाची हकिकत पहिल्यापासून सुरू केली, तर त्या म्हणाल्या, "काका, थांबा. आधी समोरच्यांची नावं सांगा. सगळ्यांची, आणि तुमच्या घरातल्यांचीसुद्धा." ड्रॉवरमधून दोनशे पानी रेघांची वही काढली. गावानुसार पानं, पानावर नावं आणि सालं. आमच्या गावाच्या पानावर बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या.

"तुमच्या धाकट्या चुलत्यांना मी २०१६ साली एक नोटीस पाठवली होती, विहिरीच्या मोटरवरून. पुढे ते मिटलं. तुम्हाला चालेल का, की दुसरं कोणी पाहता?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. "चालेल," ते म्हणाले, आणि हकिकत पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.